दमेकऱ्याचा व्यायाम

दमेकऱ्यानें चार पावलें भराभर टाकलीं कीं घरांतील वडील मंडळी त्यास हटकून खालीं बसवितात, आणि त्यांत मायेइतकाच अनुभवहि असतो. धांवल्यानें दमा उसळतो हें कोणासहि दिसतें. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील ग्रीक वैद्य अरेटिअस यानें धांवणें, व्यायाम किंवा कष्ट यांनीं श्वास जड होणें हीच दम्याची ओळख सांगितली. आपल्याकडे चरकानें श्वासरोगाच्या कारणांत धूळ, धूर, वारा यांच्या पंक्तीस व्यायामहि बसविला. आणि सुश्रुतानें व्यायाम वर्ज्य असलेल्यांच्या यादींत श्वास व कास यांनीं पीडलेल्यांस स्पष्टपणें घातलें. असें असतां आजचा डॉक्टर प्रौढ दमेकऱ्यास रोज चालावयास सांगतो तो कोणत्या आधारावर?

शांत बसलेला मनुष्य मिनिटाला सुमारें 6 लिटर हवा आंत घेतो. जोराच्या श्रमांत हें मान 60 लिटरांच्याहि वर जातें. एवढी हवा नाकास पुरवितां येत नाहीं, म्हणून तोंड उघडतें. नाक हवेस ऊब व ओलावा देतें, धूळ गाळतें. तोंडास तें साधत नाहीं. कोरडी हवा श्वासनलिकांच्या अस्तरांतील पाणी शोषून घेते, आधींच सुजलेल्या अस्तरांतून दाहक द्रव्यें सुटतात, आणि नलिकांभोंवतालचे स्नायू आवळले जातात. चमत्कारिक गोष्ट ही कीं, हा आवळ बहुधा श्रम थांबल्यावर पांच-दहा मिनिटांनीं कळसास पोंचतो आणि अर्ध्या-एक तासांत ओसरतो.

येथवर वडील मंडळींचेंच म्हणणें खरें ठरतें. परंतु बसून राहण्याचीहि किंमत आहे. पायांचे स्नायू क्षीण होतात, वजन वाढतें, हृदय सुस्तावतें. जो जिना पूर्वीं सहज चढला जाई तोच आतां धापा टाकावयास लावतो, आणि रोगी हा अशक्तपणाचा दमहि दम्याच्याच खात्यावर मांडतो. मग तो आणखी बसतो. ब्राझील देशांत साओ पावलो येथील संशोधकांनीं 2015 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मध्यम व तीव्र दम्याच्या प्रौढांकडून आठवड्यांतून दोनदां, असे तीन महिने, फिरत्या पट्ट्यावर व्यायाम करविला. तेव्हां श्वासनलिकांचा चिडखोरपणा कमी झालेला आढळला. व्यायामानें फुप्फुसांची क्षमता फारशी वाढत नाहीं. वाढतो तो दमसास.

मात्र तेथील रोगी औषध चालू ठेवूनच चालत होते. सुश्रुताच्या मनाईचें उत्तर येथेंच आहे. त्याच्या काळीं नलिकांची सूज उतरविणारें, श्वासावाटे घ्यावयाचें औषध नव्हतें. बेक्लोमेथासोनचा फवारा 1972 सालीं आला. अशा फवाऱ्याची, म्हणजे घरोघर ज्यास पंप म्हणतात त्याची, संवय लागते ही समजूत चांगल्या शिकलेल्या घरांतहि आढळते. ती निराधार आहे. चालणें सुरू झालें म्हणून पंप फडताळांत ठेवून देणारा मनुष्य जिवाशीं खेळतो. अमेरिकेची जॅकी जॉयनर-कर्सी हिनें 1988 सालीं सोल ऑलिंपिकमध्यें दोन सुवर्णपदकें मिळविलीं, तीहि दमेकरीच होती.

मापाच्या बाबतींत मात्र सुश्रुतच उपयोगी पडतो. व्यायाम अर्ध्या बळानें करावा, आणि श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं अर्धें बळ संपलें असें समजावें, अशी त्याची खूण आहे. नाकाचें कार्य ध्यानांत घेतलें म्हणजे दमेकऱ्याच्या आरंभींच्या दिवसांस यापेक्षां सोपें माप सांपडणें कठीण. पुढें बळ वाढलें कीं बोलतां येईल पण गातां येणार नाहीं इतक्या वेगानें चालावें. पहिलीं दहा-पंधरा मिनिटें सावकाश घालवावीं. कित्येकांच्या श्वासनलिका अशा हलक्या श्रमानंतर कांहीं काळ तितक्या चटकन आवळत नाहींत. शेवटींहि एकदम थांबूं नये. ज्यांस तरीहि दम लागतो त्यांस डॉक्टर व्यायामापूर्वीं घ्यावयाचें औषध नेमून देतात. तालमींत शेजाऱ्याच्या जोरांशीं बरोबरी करण्याचा मोह दमेकऱ्यानें टाळावा हें बरें.

स्थळकाळाचाहि विचार हवा. सोलापूरहून अक्कलकोटकडे जातांना लागणारें वळसंग घ्या. हा मुलूख ज्वारीचा; रास होते त्या दिवसांत मळणीची धूळ आणि भुसा हवेंत तरंगतो. मे महिन्यांत दुपारीं पारा 40 अंशांवर जातो. पावसाळ्यांत रस्त्याच्या कडेस फुलणाऱ्या गाजरगवताचे परागकण पुष्कळांस बाधतात. तेव्हां येथें उन्हाळ्यांत भल्या सकाळीं, थंडींत मात्र ऊन वर आल्यावर, आणि राशींच्या दिवसांत खळ्यापासून दूर, असें चालणें ठेवावें. सुट्टींत गांवीं जाणाऱ्या शहरी पाहुण्यानें हें विशेष संभाळावें. शहरांत बरा असलेला दमा खळ्यावर एका तासांत उठतो. धुळीच्या दिवशीं घरांतच संथ सूर्यनमस्कार घालावे.

प्राणायामाविषयीं उत्साह फार आहे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं 1924 सालीं कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची शास्त्रीय तपासणी सुरू केली, तें कार्य मोठें. संथ श्वसनानें पुष्कळांस स्वस्थता वाटते. परंतु तें औषधाच्या जागीं बसत नाहीं, आणि वेगानें श्वास फेंकण्याच्या क्रिया दमा उठलेला असतांना टाळाव्या.

पोहणें हा व्यायाम दमेकऱ्यास बहुधा मानवतो, कारण पाण्यालगतची हवा दमट असते. गांवच्या विहिरींत एकट्यानें मात्र उतरूं नये. काठावर जाणतें माणूस असावें, आणि पंप त्याच्या हातीं असावा.