बेंचवरची नोकरी

काम थांबणे म्हणजे काय, हे आमोणेकरांस सांगावयास नको. २०१२ साली गोव्यातील खाणकाम बंद झाले, तेव्हा ट्रक दारात उभे राहिले आणि मांडवीतल्या बार्ज नांगरून पडल्या. पण हिंजवडीस संगणकाच्या मोठ्या कंपनीत लागलेला मुलगा ‘सध्या बेंचवर आहे’ म्हणतो आणि पगारही घेतो, हे घरच्यांस उमगत नाही.

टी.सी.एस. १९६८ साली मुंबईत, इन्फोसिस १९८१ साली पुण्यात निघाली. अशा कंपन्या परदेशी बँकांची वगैरे कामे घेतात व पुष्कळदा माणशी तासांचे बिल लावतात. काम संपले, की नवे मिळेपर्यंत माणूस बेंचवर. बिल बंद, पगार मात्र कंपनीच्या पदरचा. तो फार दिवस कोण देईल? म्हणून मुलगा रात्री जागून नवी संगणकभाषा शिकतो आणि, नवल असे, स्वतःच्याच कंपनीत पुन्हा मुलाखती देतो.