पहाटे ट्रक बंद पडतो तेव्हा

डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हाऱ्याकडे, पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो. ट्रक सुरू होतो, दोन मिनिटं गुरगुरतो आणि बंद पडतो. ‘डिझेल गोठलं’ हा निदानाचा सोपा प्रकार, पण आपल्याकडे तो बहुधा चुकीचा. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून जायला हवं. लडाखची गोष्ट वेगळी. तिथे उणे ३३ अंशांतही वाहणारं डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणलं.

मग दोष कुठे? आधी धूर पाहा. सेल्फ मारताना पांढरा धूर निघत असेल तर डिझेल पोहोचतंय, जळत नाही. धूरच नसेल तर ते इंजिनापर्यंत येतच नाही. सुरू होऊन बंद पडणाऱ्या गाडीत बहुतेक वेळा फिल्टर चोक झालेला असतो किंवा गाडी ‘एअर घेते’. थंडीत जुना रबरी पाइप कडक होतो, वॉशर आकसतो, आणि डिझेल न गळताही हवा आत शिरते. हातपंप मारून, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. पण गळती सापडली नाही तर उद्या पहाटे पुन्हा तेच. डिझेलमधलं पाणी जड असल्याने तळाशी बसतं. फिल्टरखालचा नळ सोडून ते काढावं. रात्री टाकी भरलेली असली की आत दव कमी धरतं.

सेल्फच रडत असेल तर बॅटरी बघा.

डिझेल तापवायला टाकीखाली बोळा पेटवण्याची जुनी खोड मात्र सोडा. मागे कापूस भरलेला असतो, राजेहो!