कॅश टॅली, मन शॉर्ट

10 नोव्हेंबर 2016. नोटाबंदीनंतर बँका उघडल्या, तेव्हा मिरजेतल्या आमच्या शाखेबाहेर सकाळी सातपासून रांग होती. मी कॅशियर. नोटा बदलायची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार, मग एकदम दोन. परिपत्रकं वरून यायची, शिव्या काउंटरवर. दुसरा शनिवार, रविवार, दोन्ही दिवस कामावर. एका रात्री दोन हजार शॉर्ट आले, ते पदरचे भरले. (कॅशियरला भरावेच लागतात. जास्त आले तर मात्र बँकेचे!) तरी घरी जाऊन पडले की गाढ झोप लागायची.

मी मोडले ती दोन वर्षांनी, काउंटरपुढं चार माणसं असताना.

तेव्हा विम्याची टार्गेटं आली होती. रोज रात्री नऊला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावानिशी यादी पडायची. माझ्यापुढं शून्य. पेन्शन काढायला आलेल्या आजोबांना दहा वर्षांचे हप्ते कुठल्या तोंडानं सांगू? हळूहळू मी एकच बंडल चार-चारदा मोजू लागले. रविवारी संध्याकाळीच पोटात ढवळायचं, पहाटे तीनला टक्क जाग. घरचे म्हणाले, पित्त असेल.

पित्ताच्या गोळ्यांनी काही होईना, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी विचारलं, "दिवसभरातलं काय तुमच्या मनानं ठरतं?" मी म्हटलं, "जेवणाची वेळ..." आणि गप्प झाले. तीही गर्दीवरच ठरायची.

मग त्यांनी रॉबर्ट कारासेक या अमेरिकी अभ्यासकाचं म्हणणं सांगितलं. स्वीडन आणि अमेरिकेतल्या नोकरदारांची माहिती तपासून त्यांनी 1979 मध्ये मांडलं, की नुसता कामाचा रेटा माणसाला तितका खचवत नाही. रेटा मोठा आणि काम कसं करायचं हे ठरवायची मुभा नाही, तिथं ताण सगळ्यात जास्त. मला लख्ख आठवलं: नोटाबंदीत रांग कशी लावायची, म्हाताऱ्यांना आधी घ्यायचं का, हे आम्हीच ठरवत होतो.

गोळ्या सात महिने चालल्या, जोडीला समुपदेशन. दरम्यान वरच्या कार्यालयानं आमच्यासाठी 'ताणमुक्ती'वर व्याख्यान ठेवलं. रविवारी. हजेरी सक्तीची.

गंमत म्हणजे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायचं असतं. पॉलिसी विकणाऱ्या मला हे ठाऊकच नव्हतं. सरकारची 14416 ही टेलिमानस हेल्पलाइन दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. ती मात्र माझ्या वेळी नव्हती, 2022 मध्ये सुरू झाली.

टार्गेटं काही गेली नाहीत. पण नव्या मॅनेजरबाईंनी रात्रीची यादी बंद केली आणि काउंटरच्या पाळ्या, जेवणाच्या वेळा आम्हा तिघांवर सोपवल्या. आम्ही त्या पेन्सिलीनं लिहायचो. कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाच्या सासूबाईंचा दवाखाना. महिनाअखेर खोडून खोडून कागदाला भोक पडायचं.