डाळिंबाचं झाड उभ्या उभ्या वाळतंय? आधी मुळी उकरून बघा, मग औषध आणा
मर रोग आणि सूत्रकृमी यांची जोडी बागा कशी संपवते, ट्रायकोडर्मा-पॅसिलोमायसिस नेमकं काय करतात आणि कुठे त्यांचा उपयोग होत नाही?

सोलापूर : बाग फळावर आलेली असते आणि अचानक एका झाडाची एक फांदी पिवळी पडते. शेतकऱ्याला वाटतं, पाणी कमी पडलं असेल. आठ-पंधरा दिवसांत दुसरी फांदी पिवळी पडते आणि बघता बघता अख्खं झाड फळासकट वाळून जातं. पुढच्या महिन्यात त्याच ओळीतलं शेजारचं झाड. यालाच डाळिंब उत्पादक 'मर' म्हणतात. सांगोल्यासारख्या डाळिंबाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यात मर आणि खोडकिडीमुळे अनेकांना जुन्या बागा काढून टाकाव्या लागल्या आहेत.

अशा वेळी घाबरलेला शेतकरी दुकानात जातो आणि जे हातात देतील ते आणून ओततो. कधी रासायनिक, कधी जैविक, कधी दोन्ही एकाच दिवशी. खर्च होतो, गुण येत नाही. कारण रोग नेमका कोणता, हेच पाहिलेलं नसतं.

एकटा बुरशीचा रोग नाही

मर रोगामागे मुख्यतः 'सेरॅटोसिस्टिस' नावाची बुरशी असते. काही बागांत 'फ्युजारियम' ही बुरशीही सापडते. या बुरशी मुळातून आत शिरतात आणि पाणी वर नेणाऱ्या लाकडात वाढतात. पाण्याची वाटच बंद झाली की जमीन ओली असूनही झाड वाळतं. वाळणाऱ्या झाडाचं खोड किंवा जाड मूळ आडवं कापलं तर आत काळपट-तपकिरी पट्टे दिसतात. ही मर ओळखण्याची सोपी खूण.

पण बुरशीला आत जायला वाट लागते. ती वाट अनेकदा सूत्रकृमी, म्हणजे निमॅटोड, करून देतात. गाठी करणारा सूत्रकृमी अर्धा मिलिमीटरही नसतो, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. त्याची पिल्लं पांढऱ्या मुळीच्या टोकातून आत घुसतात आणि तिथंच बसून रस शोषतात. त्या जागी मुळी फुगते, गाठ होते. एक मादी दोनशे ते पाचशे अंडी घालते आणि उबदार जमिनीत साधारण 25 ते 30 दिवसांत एक पिढी पूर्ण होते. म्हणजे एका बहराच्या काळात पाच-सहा पिढ्या सहज होतात. जखमी मुळीतून मग बुरशी आत येते. दार उघडं राहिलं की चोराला काय अडवणार?

म्हणून नुसतं बुरशीनाशक ओतून सूत्रकृमी तसेच ठेवले, तर मर पुन्हा डोकं वर काढते.

मुळी कशी बघायची?

झाडाच्या आळ्यात, ड्रिपरजवळ, वीतभर खोल माती हलक्या हातानं उकरा. बारीक मुळ्या पाण्यात धुऊन बघा. पांढऱ्या, लांब, सरळ मुळ्या असतील तर ठीक. मण्यांची माळ ओवल्यासारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत.

हरभरा, सोयाबीन, भुईमूग यांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या रायझोबियमच्या, फायद्याच्या. फरक सोपा आहे. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखानं सहज निघते आणि फोडली तर आतून गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. ती वेगळी काढता येत नाही.

खात्री करायची असेल तर चार-पाच झाडांखालची मुळांसकट ओलसर माती प्लास्टिक पिशवीत बांधून कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत द्यावी. हा नमुना माती परीक्षणासारखा उन्हात वाळवू नये. वाळला की सूत्रकृमी मरतात आणि अहवाल चुकीचा येतो.

जैविक बुरशी काम कशी करते?

ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच, पण आपल्या बाजूची. ती मुळाभोवती वेगानं वाढून जागा आणि अन्न दोन्ही बळकावते. रोगाची बुरशी भेटली तर तिच्या धाग्यांना विळखा घालते आणि विकरं सोडून तिची भिंत विरघळवते.

पॅसिलोमायसिस (आता शास्त्रज्ञ तिला 'पर्प्युरिओसिलियम' म्हणतात) सूत्रकृमीच्या अंड्यांवर वाढते. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात बटाट्याच्या मुळांवर ती गाठीच्या सूत्रकृमीची अंडी खाताना आढळली आणि 1979 मध्ये त्याची नोंद झाली. आज तीच बुरशी आपल्याकडे पावडर आणि द्रव रूपात मिळते. पोकोनिया ही बुरशीही अंड्यांवरच काम करते. स्युडोमोनास हा जिवाणू मुळावर थर करून राहतो आणि रोगकारक बुरशीला रोखतो.

झेंडूचंही तसंच. त्याच्या मुळात असलेलं द्रव्य सूत्रकृमींना मारक असतं. म्हणून डाळिंबाच्या दोन झाडांमध्ये झेंडू लावण्याची शिफारस केली जाते. उलट टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी ही सूत्रकृमींची आवडती पिकं. ती बागेत आंतरपीक म्हणून घेऊ नयेत.

वापरायचं कसं आणि कधी?

जैविक म्हणजे जिवंत. त्याला ओल, सावली आणि खायला सेंद्रिय पदार्थ लागतात. ताणावर असलेल्या कोरड्या बागेत पावडर फेकली तर पैसे मातीत गेले असं समजा. ताण मोडून पहिली पाणी झाली, जमीन वाफशावर आली आणि पांढरी मुळी सुटायला लागली की द्यायची. बागा काढणीनंतर विश्रांतीत असतात तेव्हा आणि पावसाळ्यात पुन्हा द्यावी.

एका पाळीला पुरेल अशी पद्धत :

1. 90 किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि 10 किलो निंबोळी पेंड एकत्र करा. कच्चं, गरम शेण घेऊ नका.
2. त्यात एक ते दोन किलो ट्रायकोडर्मा पावडर मिसळा. मुठीत दाबल्यावर गोळा होईल, पण पाणी गळणार नाही इतकी ओल ठेवा.
3. ढीग सावलीत करून ओल्या पोत्यानं झाका. तीन-चार दिवसांनी वर-खाली करा. दहा-पंधरा दिवसांत पांढरी-हिरवी वाढ दिसते.
4. हे खत दोन ते अडीच किलो प्रति झाड, ड्रिपरखाली मातीत मिसळून द्या. उघड्यावर उन्हात ठेवू नका.

सूत्रकृमी असतील तर पॅसिलोमायसिसही अशाच खतातून द्यावी. पावडर थेट द्यायची असेल तर साधारणपणे 20 ते 25 ग्रॅम प्रति झाड देतात, पण ताकद कंपनीप्रमाणे बदलते. लेबलवरचं प्रमाण शेवटचं.

ठिबकमधून सोडायचं असेल तर द्रव रूपातलंच घ्या. टाल्क पावडरीनं ड्रिपर बुजतात. ठिबक आम्ल किंवा क्लोरीननं धुतली असेल त्या दिवशी जैविक सोडू नका. गुळाच्या ड्रममध्ये घरी वाढवताना वास सडका आला तर ते द्रावण बागेत घालू नये; त्यात दुसरेच जंतू वाढलेले असतात. ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास एकाच ड्रममध्ये वाढवू नयेत.

कुठे उपयोग होत नाही?

हे दुकानात कुणी सांगत नाही. पूर्ण वाळायला लागलेलं झाड ट्रायकोडर्मानं परत येत नाही, कारण बुरशी लाकडाच्या आत असते. असं झाड मुळासकट काढून बागेबाहेर जाळावं. बागेतून फरफटत नेऊ नये. छाटणीची कात्री निर्जंतुक करावी. शेजारच्या झाडांना तज्ज्ञांच्या सल्ल्यानं रासायनिक आळवणी करावी लागते. ती केल्यावर तीन-चार आठवडे थांबूनच जैविक द्यावं, नाहीतर एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं मारलं जातं.

तेल्या हा जिवाणूचा रोग आहे. त्यावर ट्रायकोडर्मा हा उपाय नाही.

आणि पूर्वी बरेचजण सूत्रकृमीसाठी झाडाखाली फोरेट टाकायचे. त्यावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. जुनं पोतं घरात असेल तरी वापरू नये.

पाकीट घेताना

लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख हवीच. ट्रायकोडर्माच्या एक ग्रॅम पावडरीत किमान 20 लाख जिवंत बीजाणू असावेत, असा नियम आहे. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात पडलेलं पाकीट घेऊ नका. पक्की पावती घ्या. पावती नसेल तर तक्रार करायला हातात काहीच राहत नाही.

नवी लागवड करणाऱ्यांसाठी

सूत्रकृमी बागेत बहुतेक वेळा रोपाच्या पिशवीतूनच येतात. रोपं घेताना दोन-चार पिशव्या फाडून मुळ्या बघा. रोपवाटिकावाला नको म्हणाला तर तिथून रोपं घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवलं, तर उन्हाच्या तापानं बरेच रोगजंतू मरतात. मर लागलेल्या झाडाच्या खड्ड्यात लगेच नवं रोप लावू नये.

डाळिंब नसलेल्यांसाठीही यात काम आहे. हरभऱ्याच्या मर रोगासाठी पेरणीआधी किलोभर बियाण्याला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळणं हा सर्वांत स्वस्त उपाय. रासायनिक बीजप्रक्रिया करायची असेल तर ती आधी, जिवाणू खतं शेवटी, आणि बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरायचं.

बागेबद्दल शंका असेल तर गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारावं. सोलापुरात 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आहे. जाताना फोनमधला फोटो पुरत नाही. वाळणाऱ्या फांदीचा तुकडा, मुळ्या आणि माती सोबत न्या.