गप्प झालेलं मूल

परीक्षा महिन्यावर आली की आमचे बालरोगाचे निवासी डॉक्टर रात्रीच्या राऊंडनंतर उजळणीला बसतात. आकडे त्यांना तोंडपाठ असतात. एक ते दहा वर्षांच्या मुलाचा वरचा रक्तदाब किमान किती हवा? वयाची दुप्पट अधिक ७०. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला ७८. उत्तर झटकन येतं. मग मी विचारते, चार वर्षांच्या मुलाचा रक्तदाब ९४ भरला, तर ते शॉकमध्ये नाही असं म्हणायचं का? निम्म्या माना डोलतात, आणि तिथेच मी वही मिटायला लावते.

रक्तदाब चांगला म्हणजे मूल चांगलं, हा मोठ्यांच्या वॉर्डातून आलेला गैरसमज आहे. अंगातलं पाणी किंवा रक्त कमी झालं की मुलाच्या रक्तवाहिन्या करकचून आवळतात आणि हृदय धावू लागतं. त्या जोरावर रक्तदाब बराच वेळ टिकतो. तो खाली येतो तेव्हा हातात फार थोडा वेळ उरलेला असतो. म्हणून यंत्राआधी हात वापरायचा. नाडी किती वेगात आहे? मांडीपासून तळपायाकडे हात नेताना गारवा कुठे सुरू होतो? छातीच्या मधल्या हाडावर पाच सेकंद बोट दाबून सोडलं की पांढरा ठिपका उमटतो. तो दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. चार सेकंद लागले, तर ९४ हा आकडा विसरा आणि सलाईनच्या तयारीला लागा.

घरातला याच जातीचा समज म्हणजे ‘आता शांत झोपलंय, बरं वाटत असेल’. जुलाबाचं बाळ घेऊन आलेली एक आई मला म्हणाली होती, “मॅडम, दुपारपर्यंत पाणी पाणी करत होता, नुसता किरकिरत होता. आता गुमान पडलाय.” तिच्या आवाजात सुटकेचा भाव होता. मी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर घडी तशीच उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत किरकिरणारं, हावरटासारखं पाणी पिणारं, डोळे खोल गेलेलं मूल मधल्या पायरीवर असतं. सुस्त पडलेलं, पाणी घ्यायलाही न उठणारं मूल त्याच्या पुढच्या, सर्वांत गंभीर पायरीवर असतं. मधल्या पायरीवर तोंडाने ओआरएस पुरतं: किलोला ७५ मिली, चार तासांत. दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, जरा सावकाश. उलटी होते म्हणून पाणी तोडणं सगळ्यात घातक. एक लिटरची पुडी अंदाजाने ग्लासभर पाण्यात कालवणंही तितकंच वाईट, कारण त्यातून मुलाच्या रक्तातलं मीठ धोकादायक वाढू शकतं. सुस्त मुलाला मात्र शिरेतूनच हवं: रिंगर लॅक्टेट, किलोला १०० मिली, पहिले ३० भराभर.

दम्याच्या मुलाची छाती वाजायची थांबली की नवखा डॉक्टर खूश होतो. शिटी वाजायलाही हवा आत-बाहेर जावी लागते. मूल थकलेलं आणि छाती चिडीचूप, म्हणजे हवाच पोचत नाही. शेंगदाणा अडकल्यावरही हेच: मूल जोरात खोकतंय तोवर त्याला खोकू द्या. आवाज बंद झाला, रडू फुटेना, की पाठीवर पाच थापा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला त्यानंतर छातीवर पाच दाब, मोठ्याला पोटावर. दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपत काढायला जाऊ नका, ती आणखी खाली सरकते.

तापातल्या झटक्यांचं मात्र नेमकं उलट आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत येणारे हे झटके बघवत नाहीत, पण बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात आणि मेंदूला इजा करत नाहीत. कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा तर मुळीच नको. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली तर नाकात मिडाझोलामचा फवारा, आणि दवाखाना. पॅरासिटामॉलने मुलाला आराम पडतो. पुढचा झटका टळतो, हे खरं नाही.

आणि विंचू. कोकणात दुखणं ओसरलं की ‘विंचू उतरला’ म्हणतात. लाल विंचवाच्या बाबतीत हा शब्द जिवावर बेतू शकतो. दंशाच्या जागी ठणका आहे, मूल किंचाळतंय आणि बाकी काही नाही, तर बहुधा धोका कमी. विष अंगभर भिनलेल्या मुलाला वेदना अनेकदा कमीच असते. त्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, मुलग्याचं लिंग ताठ राहतं. मग धाप, तोंडाला गुलाबी फेस. ही चिन्हं डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगड जिल्ह्यात, बिरवाडी आणि महाडला, पेशंटच्या खाटेशी रात्र रात्र बसून टिपली आणि १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पूर्वी गंभीर दंशाचे शंभरातले तीसेक दगावत. रक्तदाबावरचं साधं, स्वस्त प्राझोसिन त्यांनी वापरात आणल्यावर हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. प्रतिविषही हवंच, दोन्ही मिळून मूल लवकर सावरतं.

आमच्या पोरांना प्राझोसिनचा डोस झोपेतही सांगता येतो: किलोला ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी. कधी थांबवायचा, तिथे ते अडखळतात. हातपाय गरम झाले की. तोवर मुलाला आडवंच ठेवायचं. पहिल्या डोसनंतर उचलून उभं धरलं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. आईला हे सांगणं अवघड जातं, तिचे हात आपोआप पुढे येतात. मी तिला खाटेशी स्टूल देते, तिचा तळहात लेकराच्या पावलावर ठेवते आणि सांगते, ऊब लागली की मला हाक मारा.