त्याच्या हक्काचे पैसे घ्यायला लाज कसली?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका काकीने तिसऱ्यांदा अंतर्गत कर्ज मागितलं. कारण तेच, मुलाला बांबोळीला दाखवायला न्यायचं. आम्ही सगळ्या तिला काकी म्हणतो, पण त्या मुलाची ती मावशी. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय ताठ, चालता येत नाही, बोलणं अडखळतं. समज मात्र तल्लख. दारातून टोपली गेली की आत कुठली मासळी आहे ते वासावरून सांगतो! आई दोन वर्षांपूर्वी वारली. बाप मुंबईला गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही.

मी विचारलं, "काकी, सरकारी अनुदानाचा अर्ज का नाही करत?" तर म्हणाली, "माका पैशे कित्याक? भयणीचो झील तो. लोक म्हणतले, पैशासाठी पोर ठेवल्यान." आणि बैठक संपल्यावर, चपला घालता घालता, हळूच म्हणाली, "तेका संस्थेत व्हरून ठेवल्यानी तर?"

खरी भीती ही दुसरी होती. अशी भीती बाळगून गप्प बसलेल्या बाया आपल्या गावागावांत आहेत, म्हणून आज याच विषयावर बोलते.

आधी भीतीचं. बाल न्याय कायदा २०१५ सालचा आहे. मूल शक्यतो कुटुंबातच वाढावं आणि संस्था हा अगदी शेवटचा उपाय असावा, हे त्या कायद्याचं तत्त्वच आहे. जिल्ह्याची बाल कल्याण समिती मुलाबद्दल निर्णय घेते. त्याआधी सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन पाहणी करते. मूल कुठे झोपतं, काय खातं, शाळेत जातं का, घरात त्याला कोण बघतं, हे ती विचारते. घर कौलारू आहे की स्लॅबचं, याला घाबरू नका. मूल तिथे सुखात आहे का, हे तिला बघायचं असतं.

आता लाजेचं. हे पैसे मुलाचे असतात, आपण फक्त सांभाळणाऱ्या. मावशीने भाच्याला, आजीने नातवाला वाढवलं म्हणून त्या मुलाचा हक्क बुडत नाही.

आपल्या राज्याची योजना म्हणजे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. महिन्याला आधी ४२५ रुपये मिळायचे, मग १,१०० झाले, आणि २०२३ पासून २,२५० रुपये. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत मिळतात. अनाथ मुलं, आईवडिलांपैकी एकच असलेली, पालकांचा पत्ता नसलेली, पालक गंभीर आजारी असलेली, तसंच तीव्र मतिमंद किंवा एकाहून जास्त अपंगत्व असलेली मुलं यात बसतात. म्हणजे एकटी आईसुद्धा स्वतःच्या मुलासाठी अर्ज करू शकते, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं.

दुसरी केंद्राची मिशन वात्सल्य. तिच्यातून प्रायोजकत्वाचे महिना ४,००० रुपये मिळतात. त्याला उत्पन्नाची अट आहे, गावात वर्षाला ७२,००० रुपयांपर्यंत. नात्यात नसलेलं मूल समितीच्या आदेशाने सांभाळायला घेतलं, तर त्या प्रतिपालनालाही ४,००० आहेत, आणि २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या बाईलाही तसं मूल घेता येतं. एका मुलासाठी यातली एकच योजना लागू होते. कुठली बसते ते ओरोसला जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, बाल संरक्षण कक्षात विचारा. तिथवर जाणं जमत नसेल तर आधी अंगणवाडी सेविकेला गाठा. ती आणि सरपंच दोघंही गावच्या बाल संरक्षण समितीत असतात. १०९८ हा फोनही फुकट आहे.

काकीचं घोडं कुठे अडलं? कागदावर. बहिणीचा मृत्यूचा दाखला होता, पण मुलाचं आधार कार्ड मुंबईच्या पत्त्याचं. बँकेत त्याचं खातं नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नाही. एका कार्यालयातून तिला "बापाची सही आणा" म्हणून परत पाठवलेलं. बापच बेपत्ता, सही कुठून आणायची? अशा वेळी परत फिरू नका. वडिलांचा पत्ता नाही, हीच बाब अर्जात लिहून द्या. त्याची चौकशी करणं समितीचं काम आहे.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र काढलेलंच नव्हतं. मुलाकडे बघून कळतंय ना, मग कागद कशाला, असं आपल्याला वाटतं. पण त्या एका कागदावर किती दारं उघडतात बघा. जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लिहिलं गेलं, की संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलला अर्ज करता येतो. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये झालेत. एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत मिळते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत उठून विचारा. मी विचारलं तेव्हा सभेत बराच वेळ कोणी बोललंच नाही.

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी निरामय नावाचा आरोग्य विमाही आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. दारिद्र्यरेषेखालच्यांना नोंदणीला २५० रुपये, बाकीच्यांना ५००. वयाची अट नाही, आधी तपासणी नाही, आणि बाहेरच्या बाहेर केलेली तपासणी, थेरपी हेसुद्धा त्यात धरतात. काकीने गटाकडून काढलेली तिन्ही कर्जं याच खर्चासाठी होती.

दोन गोष्टी स्पष्ट सांगते. अर्ज भरताना आधीपासून मिळणारा कुठलाही लाभ लपवू नका, पुढे वसुली निघते. आणि हे पैसे ठरलेल्या तारखेला येतीलच असं धरून किराणा उधार आणू नका. आदेशावर मुदत लिहिलेली असते, ती संपायच्या आधी नूतनीकरण करा.

आमच्या गटाने ठरवलं, काकीला तिसरं कर्ज द्यायचं, पण सोबत एकीने जायचं. एक जण तिच्याबरोबर सेतूत गेली, एक जण बँकेत. दिव्यांग तपासणीच्या दिवशी मी स्वतः ओरोसला गेले, कारण मुलाला उचलून एसटीत चढवायला दोन माणसं लागतात. महिलांना अर्धं तिकीट, हे त्या दिवशी कामाला आलं.

गेल्या गुरुवारी कार्यकर्ती घरी येऊन गेली. तिने मुलाला विचारलं, "तू कुठे झोपतोस?" त्याने काकीच्या पदराकडे बोट दाखवलं. आदेश अजून यायचा आहे. तोवर तुमच्या गटात असं मूल सांभाळणारी कोणी असेल, तर पुढच्या बैठकीला तिला मुलाचं आधार, जन्माचा दाखला, रेशन कार्ड आणि आईवडिलांपैकी कोणी गेलं असेल तर त्यांचा मृत्यूचा दाखला घेऊन यायला सांगा. काय कमी आहे ते तिथेच बघू.