पांढऱ्या साडीतली गाणी

२०२४ साली पंचांगाने मोठी गंमत केली. ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली. पहाटे उटणं लावून, अंगठ्याखाली कारीट फोडून आंघोळ केलेली आमच्या भिवंडीतल्या कामतघरची पोरं संध्याकाळी काळे झगे आणि प्लास्टिकचे सुळे लावून हॅलोविनला सोसायटीच्या गच्चीवर हजर. गाण्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण जुन्या सिनेमांच्या गाण्यांवर घरोघरी पकवणारा माणूस अशी माझी ख्याती आहे. मी तर कित्येक वर्षं कुणी विचारेल म्हणून वाटच बघत होतो.

कमिटीतल्या एका काकांनी लगेच हरकत घेतली, ‘हे आपलं नव्हे.’ सण आपला नसेल, पण भुतांच्या बाबतीत आपण कुणाला हार जाणार नाही. पिंपळावर मुंजा, विहिरीवर हडळ, पाण्यात गिऱ्हा, माळावर खवीस आणि रात्री पायवाट विसरायला लावणारा चकवा. कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा, प्रत्येकाचा पत्ता आणि खाण्यापिण्याच्या आवडीनिवडी सांगेल. आपल्या नरकचतुर्दशीला बंगालात भूतचतुर्दशी म्हणतात. चौदा दिवे लावतात, चौदा प्रकारचा पाला शिजवून खातात. दिवाळी आणि भुतं यांचं नातं अमेरिकेच्या भोपळ्याने जोडलेलं नाही.

भोपळ्याचंही एकदा उरकून टाकतो. हॅलोविन मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा, हिवाळ्याच्या तोंडावरचा सण. पुढे तो १ नोव्हेंबरच्या ख्रिस्ती सर्व संत दिनाच्या आदल्या रात्रीला चिकटला. आयर्लंडात सलगम कोरत, अमेरिकेत गेल्यावर भोपळा मिळाला. गाणी ठरलेली: १९६२ चं ‘मॉन्स्टर मॅश’, १९८२ चं मायकेल जॅक्सनचं ‘थ्रिलर’, १९८४ चं ‘घोस्टबस्टर्स’. ज्यांना जरा जास्त हौस आहे ते सँ-साँसचं १८७४ चं ‘दांस माकाब्र’ लावतात. त्यात व्हायोलिनची सर्वांत वरची तार मुद्दाम अर्ध्या सुराने उतरवलेली आहे आणि झायलोफोनवर सांगाड्याची हाडं वाजतात. छान आहे, ऐकावं. पण ‘थ्रिलर’ला घाबरणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही, नाचणारी पुष्कळ पाहिली.

भिवंडीत मोठ्या आवाजाला कुणी घाबरतच नाही. ज्या गावात यंत्रमागाचा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, आणि एका छपराखाली असे वीस-पंचवीस माग शेजारी शेजारी चालतात, तिथे किंकाळी ऐकू तरी कशी येणार? कारखान्यात माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात. पद्मानगरच्या गल्लीतून रात्री चालत गेलं की तो खडखडाट भिंतीतून पायांत उतरतो. इथे भीती वाटायची ती आवाज थांबल्यावर. २००५-०६ च्या भारनियमनाच्या दिवसांत रात्री वीज गेली की आख्खी गल्ली एका क्षणात गप्प व्हायची. धोटे जिथल्या तिथे. मग नळाचं ठिबकणं, कुत्र्याचं धापा टाकणं, समोरच्या चाळीतल्या म्हातारीचा खोकला, सगळं एकदम कानाशी यायचं. सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरवर विविध भारती लागलेली असायची. अशा अंधारात मी ‘महल’चं गाणं ऐकलं, आणि भुताच्या गाण्याला काय लागतं याबद्दलचं माझं मत तिथेच पक्कं झालं. त्याला आधी शांतता लागते, आणि मग लांबून येणारा एक आवाज.

‘महल’ १९४९ चा, बॉम्बे टॉकीजचा. कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. अशोककुमार, मधुबाला, संगीत खेमचंद प्रकाश, शब्द नक्शब जारचवी यांचे. ‘आयेगा आनेवाला’ गाताना लता मंगेशकर जेमतेम वीस वर्षांच्या. मुखड्याच्या आधी तालाशिवाय गायलेल्या ओळी आहेत, पियानोच्या तुटक सुरांवर तरंगणाऱ्या. त्या लांबून जवळ येताहेत असं वाटायला हवं होतं. आज कुठलाही पोरगा हे संगणकावर बटण फिरवून करील. तेव्हा तसं काही नव्हतं. लताबाईंनी पुढे स्वतः सांगितलं आहे की माइक खोलीच्या मध्यावर ठेवला होता, त्या कोपऱ्यातून गात गात चालत आल्या, आणि माइकपाशी पोचल्यावर मुखडा धरला. म्हणजे त्या गाण्यातलं अंतर पायांनी मोजलेलं आहे. हे कळल्यावर ते ध्वनिमुद्रण पुन्हा ऐका. आवाज नुसता वाढत नाही, त्याचा पोतही बदलतो. आधी भिंतींचा आवाज गळ्यात मिसळलेला असतो, मग भिंती हळूहळू सुटतात आणि उरतो तो गळा.

गच्चीवर मी हाच प्रयोग करून पाहिला. स्पीकर पोरांच्या मध्ये न ठेवता पाण्याच्या टाकीमागे ठेवला आणि आवाज कमी केला. आपला स्पीकर जिथे असतो तिथे तो दिसता कामा नये, हा भुताच्या गाण्यांच्या यादीचा पहिला नियम, गाणी कुठली ही नंतरची गोष्ट.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. लोक रेडिओला पत्रं लिहून विचारू लागले, ही बाई कोण? तेव्हा खरं नाव जाहीर झालं. जिच्या आवाजाने पुढची पन्नास वर्षं देश व्यापला, तिची ओळख अशी एका भुताच्या नावामागून झाली. खेमचंद प्रकाश यांना मात्र हे यश फार काळ पाहता आलं नाही. ते १९५० च्या ऑगस्टमध्ये गेले.

मालाडला बॉम्बे टॉकीजचं आवार बघायला मी मुद्दाम गेलो आहे. भिवंडी रोडहून गाडीने वसई, तिथून लोकल. पश्चिमेला, बाजारातून विचारत विचारत. १९३४ साली हिमांशु राय आणि देविका राणींनी उभी केलेली ही संस्था. तिथे आता छोटे छोटे गाळे आहेत. पत्र्याची छपरं, यंत्रांची घरघर, दाराशी चहाचे ग्लास. भिवंडीच्या माणसाला अगदी घरी आल्यासारखं वाटतं. मधोमध जुन्या इमारतीचे पडके अवशेष, भिंतींतून पिंपळ उगवलेला. मुंजाची सोय झालेली आहे म्हणायचं.

‘महल’चा संकलक कोण होता? बिमल रॉय. काही वर्षांनी त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला ‘मधुमती’, १९५८. कथा ऋत्विक घटक यांची, संगीत सलील चौधरींचं. पुनर्जन्म, जुनी हवेली, वादळी रात्र, सगळा ‘महल’चाच वारसा. लताबाईंना पार्श्वगायनाचं पहिलं फिल्मफेअर मिळालं ते याच चित्रपटातल्या ‘आजा रे परदेसी’ला. पण मला सांगायचं आहे ते इगतपुरीचं. नैनीतालकडच्या डोंगरांत केलेलं चित्रीकरण धुतल्यावर बरंचसं धूसर निघालं. परत तिकडे जाणं परवडण्यासारखं नव्हतं. मग वैतरणा धरणाजवळ सेट उभारून, खोटे पाइन वृक्ष रोवून ते पुन्हा केलं. आमच्या नाशिक हायवेवरून कसारा घाट चढला की हा भाग येतो. मी तिकडून गेलो की गाडी थांबवून बघतो, आणि बायको घड्याळ बघते. सह्याद्रीच्या ऐनातून आणि किंजळातून ते कुमाऊं शोधायचा खेळ मला अजून पुरला नाही.

आता माझा लाडका सिद्धान्त. आपल्याकडच्या उत्तम भुताच्या गाण्यांत भूत नसतंच. ‘महल’मधली कामिनी शेवटी माळ्याची मुलगी निघते. ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वो कौन थी’ (१९६४), ‘गुमनाम’ (१९६५), सगळीकडे मेणबत्ती घेऊन धुक्यातून फिरणारी बाई जिवंत, आणि तिच्यामागे कुणाचा तरी मालमत्तेवर किंवा जुन्या हिशोबावर डोळा. चित्रपट शेवटच्या रिळात खुलासा करतो आणि आपण ‘हात्तिच्या’ म्हणतो. गाणं मात्र खुलाशाला बधत नाही. ‘मधुमती’ने तर हा डाव उलटाच टाकला. गुन्हेगाराला घाबरवायला मधुमतीसारखी दिसणारी जिवंत मुलगी भूत बनून येणार असं ठरतं, आणि तिला उशीर होतो. मग आधी आली होती ती कोण? हिंदी सिनेमातला हा धक्का मला आजही सगळ्यात सुंदर वाटतो.

या सिद्धान्ताची उलट बाजू म्हणजे रामसे बंधू. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला उरकला. पुढे ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’. त्यांची भुतं अस्सल: लाल डोळे, गळणारी कातडी, दात. आणि ती गात नाहीत. गाणी नायक-नायिकेच्या वाट्याला, तीही सहलीची. यादीत मी रामसेंचं एकही ठेवलं नाही.

याचं कारण शब्दांत आहे. भुताची गाणी ‘तुला खाईन’ म्हणत नाहीत, ‘ये’ म्हणतात. कुणीतरी फार वर्षं वाट बघतंय आणि ती वाट संपलेली नाही, एवढंच ती सांगतात. विरहिणीचं गाणं आणि हडळीचं गाणं यांत फरक फक्त प्रकाशयोजनेचा. मदनमोहन यांनी ‘वो कौन थी’त याचा पुरेपूर फायदा घेतला. ‘नैना बरसे’ गझलेच्या घराण्यातलं, दिवसाढवळ्या लावलं तर निव्वळ विरह. चित्रीकरणाच्या वेळी लताबाईंचं ध्वनिमुद्रण तयार नव्हतं, म्हणून साधनाने मदनमोहन यांच्या स्वतःच्या आवाजावर ओठ हलवले. बघ्यांना पुरुषाच्या आवाजात गाणारी पांढऱ्या साडीतली बाई दिसली. त्यांची पळापळ झाली असती तरी मी दोष दिला नसता. मदनमोहन यांच्या आवाजातलं ते ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळतं. यादीत मी दोन्ही ठेवली, आधी त्यांचं, मग लताबाईंचं.

हेमंतकुमारांचा मात्र मी थोडा जास्तच पक्षपाती आहे. ‘बीस साल बाद’चे निर्माते तेच, संगीतकार तेच. त्यातल्या ‘कहीं दीप जले’साठी लताबाई आणि शकील बदायुनी दोघांनाही फिल्मफेअर मिळालं. दोन वर्षांनी हेमंतकुमारांनीच ‘कोहरा’ केला, दाफ्ने द्यू मोरियेच्या ‘रेबेका’वरून. त्यातलं ‘झूम झूम ढलती रात’ लोकांना कमी आठवतं, आणि माझ्या मते भीतीच्या बाबतीत ते ‘बीस साल बाद’पेक्षा सरस आहे. ‘गुमनाम’चं शीर्षकगीत चटकन पकडतं, पण त्याच्या चालीत हेन्री मॅन्सिनीची ‘शराड’ इतकी उघड दिसते की मला भुतापेक्षा पाश्चात्त्य तबकडीच आठवते. पोरांना मात्र तेच सगळ्यात आवडलं.

‘मेरा साया’ (१९६६) चं नाव निघालं की मी मराठी बाणा काढतो. तो आपल्या ‘पाठलाग’चा (१९६४) हिंदी अवतार. ‘पाठलाग’ राजा परांजपे यांचा, मूळ कादंबरी जयंत देवकुळे यांची. बायको गेली आहे, आणि तिचं गाणं घरातून जात नाही. मराठीत ते गाणं गदिमांचं, चाल दत्ता डावजेकरांची, गळा आशाताईंचा, आणि त्यात पाठलाग करतात ते डोळे. हिंदीत मदनमोहन आणि लताबाई, तिथे सावली आली. लोक हिंदी गाण्याच्या भव्यतेवर जातात. मला मराठी जास्त लागतं, कारण ते छोट्या घरातलं आहे. मोठ्या हवेलीत भूत असणारच, दोन खोल्यांच्या घरात ते कुठे उभं राहतं हा खरा प्रश्न.

नव्यांपैकी ‘भूल भुलैया’तलं (२००७) श्रेया घोषाल आणि एम. जी. श्रीकुमार यांचं गाणं घेतलं. तिथेही भूत नाही, मनाचा आजार आहे. सिद्धान्त टिकला.

मराठी गाणी शोधताना मात्र मी चक्रावलो. नारायण धारप, रत्नाकर मतकरी ज्या भाषेत लिहून गेले, तिच्या वाचकांनी कंदिलाच्या उजेडात गूढकथा वाचल्या, पण गूढगीतं? भावगीतात चांदणं आलं की प्रियकर आलाच पाहिजे असा जणू दंडक. तो मोडला ‘हा खेळ सावल्यांचा’ने (१९७६). सुधीर मोघे यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये चांदणंच संशयित आहे. चाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये झी मराठीने तेच शब्द मालिकेला दिले, सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या वाड्यात कॅमेरा लावला, आणि रात्री साडेदहाला महाराष्ट्र दारं लावून बसू लागला.

शेवटची जागा ‘तुंबाड’ला (२०१८) द्यायची की नाही यावर गच्चीवर वाद झाला. शीर्षकगीत अजय-अतुल यांचं, पार्श्वसंगीत येस्पर किड नावाच्या डॅनिश माणसाचं, गाव नावाने आपल्या कोकणातलं, शब्द हिंदी. आणि त्यात राक्षस अगदी अस्सल. माझ्या सिद्धान्ताप्रमाणे ते बाद व्हायला हवं होतं. पण तिथलं गाणं राक्षस गात नाही, हाव गाते, असा मुद्दा सहावीतल्या एका मुलीने काढला. मी ते गाणं यादीत घातलं.